स्क्रीनवर दोन दशांश दिसतात, पण माप बरोबर आहे का? घरच्या वर्कशॉपसाठी व्हर्नियर, मायक्रोमीटर घेताना काय बघायचं?

माझा मामा भोसरीच्या एमआयडीसीत तीस वर्षं टर्नर होता. आता रिटायर होऊन मंचरजवळच्या गावी राहतो आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं एक जुना, छोटा लेथ टाकलाय. गेल्या दिवाळीत मी त्याला कौतुकानं ऑनलाइन मागवलेला डिजिटल व्हर्नियर भेट दिला. किंमत सहाशेच्या आसपास, रेटिंग साडेचार स्टार, स्क्रीनवर दशांश चिन्हानंतर दोन आकडे. मामा खूश, मी पण खूश.

पंधरा दिवसांनी शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटरचा शाफ्ट करायला आला. बेअरिंग ६२०२ नंबरचं, म्हणजे आतलं भोक १५ मिलिमीटरचं. नव्या खेळण्याच्या नादात मामानं त्याच व्हर्नियरवर मापं घेत शाफ्ट उतरवला. स्क्रीनवर १५.०१ आलं तेव्हा थांबला. आता बेअरिंग शाफ्टवर दाबून घट्ट बसायला पाहिजे होतं, ते हातानंच सरकत आत गेलं. मामानं लाकडी पेटीतून स्वतःचा जुना मायक्रोमीटर काढला, तर माप आलं १४.९७.

शाफ्ट भंगारात, दिवसभराची मेहनत वाया आणि शेजाऱ्यांच्या घरी आणखी दोन दिवस पाणी हापशावरून. मामा मला रागावला नाही. फोनवर एवढंच म्हणाला, "अरे, ते आकडे दाखवतंय, मोजत नाही."

सध्या इन्स्टा आणि यूट्यूबमुळं घरच्या घरी काहीतरी बनवणाऱ्यांची संख्या चांगलीच वाढलीये. कुणी थ्रीडी प्रिंटर घेतलाय, कुणी बाल्कनीत सुतारकाम करतंय, कुणी स्वतःची बुलेट स्वतःच उघडतंय. या सगळ्यांना कधी ना कधी टेप आणि पट्टीच्या पुढचं काहीतरी घ्यावं लागतं. आणि तिथं सगळ्यात जास्त फसगत होते ती याच दोन दशांशांमुळं. म्हणून म्हटलं, हा विषय एकदा नीट समजून घेऊ.

आधी फरक समजून घ्या : बारीक दाखवणं वेगळं, बरोबर दाखवणं वेगळं

भिंतीवरच्या घड्याळाला सेकंद काटा आहे म्हणून ते घड्याळ बरोबर वेळ दाखवतंय असं होत नाही. ते पाच मिनिटं मागं असेल, तरी सेकंद काटा टिकटिक फिरतच राहणार. मोजमापाच्या हत्यारांचंही असंच असतं. हत्यार जास्तीत जास्त किती बारीक फरक दाखवू शकतं, त्याला शॉपफ्लोअरवर लीस्ट काउंट म्हणतात. आणि ते दाखवलेलं माप खऱ्या मापाच्या किती जवळ आहे, ती झाली अचूकता.

डिजिटल कॅलिपरचा लीस्ट काउंट ०.०१ मिलिमीटर असतो. पण चांगल्या जपानी कंपनीच्या १५० मिलिमीटर डिजिटल कॅलिपरची अचूकताही कागदोपत्री प्लस-मायनस ०.०२ असते. म्हणजे कंपनी स्वतःच सांगते की शेवटच्या आकड्यावर डोळे झाकून जाऊ नका. स्वस्त मालाच्या खोक्यावर ०.०३ लिहिलेलं असतं, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच निघतं. ०.०१ मिलिमीटर म्हणजे १० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. मामाची चूक ४० मायक्रॉनची होती, अर्ध्या केसाएवढी. शाफ्ट वाया जायला तेवढी पुरली.

त्यामुळं 'कुठला व्हर्नियर घेऊ?' याच्या आधी 'मला किती बारीक चूक चालणार आहे?' हा प्रश्न विचारा. कारखान्यातला जुना ठोकताळा असा की जेवढी चूक चालते, तिच्या दहाव्या भागाएवढं बारीक आणि भरवशाचं हत्यार पाहिजे. अगदीच खिसा आवळायचा असेल तर चौथा भाग. बेअरिंगची बैठक करताना दहा-पंधरा मायक्रॉनच्या आत राहायचं असेल, तर तिथं कॅलिपर चालणारच नाही, मग तो सहाशेचा असो नाहीतर सहा हजारांचा. मायक्रोमीटरच लागतो. मामाला हे माहीत होतं, पण ऐन वेळी स्क्रीनला भुलला.

उलट सुतारकाम करणाऱ्यांनी या भानगडीत फारसं पडूच नये. आपल्याकडचे सुतार आजही सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या जरा आत. चांगला कारागीर अर्ध्या आणि पाव सुतात कपाट बसवतो. सागाची फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिची रुंदी ०.०१ मध्ये मोजून काय करणार? सुतारकामाला एक चांगली स्टीलची पट्टी, एक टेप आणि खरोखर काटकोनात असलेला गुण्या पुरतो. कॅलिपर लागतो तो प्लायची जाडी किंवा ड्रिल बिट बघायला, त्यासाठी स्वस्तातला चालतो.

टेपचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. टेपच्या टोकाचा हूक थोडा हलतो, म्हणून पीस खराब आहे समजून परत करणारे मी पाहिलेत. तो मुद्दाम हलता ठेवलेला असतो. हूक स्वतःच्या जाडीएवढाच सरकतो. बाहेरून अडकवून माप घेतलं की तो पुढं ओढला जातो, आणि आतून भिंतीला टेकवलं की मागं दाबला जातो. दोन्ही वेळा हुकाची जाडी मापात धरली जाते. तो रिव्हेट ठोकून घट्ट केलात तर टेप बिघडवलात.

मग कॅलिपर घ्यायचा कुठला?

आपल्याकडं सरसकट सगळ्यालाच व्हर्नियर म्हणतात, पण खरा व्हर्नियर म्हणजे रेषांवर रेषा जुळवून वाचायचा तो. पिअर व्हर्नियर या फ्रेंच गणितज्ञानं १६३१ मध्ये ब्रुसेल्समध्ये छापलेल्या पुस्तकात ही युक्ती मांडली. मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरमध्ये सरकत्या पट्टीचे ५० भाग बसवायचे. मग सरकत्या पट्टीचा एक भाग ०.९८ मिलिमीटरचा होतो आणि एका भागामागं ०.०२ चा फरक पडतो. जी रेघ समोरच्या रेघेशी बरोबर जुळते, तिच्यावरून शतांश कळतात. चारशे वर्षं होत आली, ना बॅटरी ना सर्किट, अजून चालतंय.

माझं स्पष्ट मत आहे की बजेट दीड ते अडीच हजार असेल तर नामवंत कंपनीचा साधा, रेषांचा व्हर्नियर घ्या, त्याच पैशातला बिननावाचा डिजिटल घेऊ नका. त्या किमतीत साध्या व्हर्नियरमध्ये सगळा पैसा स्टीलमध्ये आणि घासकामात गेलेला असतो. जबडे सपाट असतात, सरकणारा भाग डुगडुगत नाही. वाचायला शिकायला एक संध्याकाळ लागते. चष्मा लागलेला असेल तर मात्र त्रास होतो, हे खरं आहे.

डायलचा कॅलिपर दिसायला देखणा, पण त्याच्या आत बारीक दातांची पट्टी असते. तिच्यात लोखंडाचा एक कीस अडकला की काटा उडी मारतो. ग्राइंडर चालणाऱ्या शेडमध्ये हा जास्त दिवस सुखानं राहत नाही.

डिजिटलची सोय मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. कुठंही शून्य करता येतं, इंच आणि मिलिमीटर एका बटणावर बदलतं. थ्रीडी प्रिंटवाल्यांना तर हाच लागतो. २० मिलिमीटरचा ठोकळा प्रिंट करून तो १९.८ येतोय की २०.१, एवढं बघायला मध्यम किमतीचा डिजिटल कॅलिपर पुरेसा आहे. साधारण दोन ते तीन हजारांत इन्साइजसारख्या चिनी पण औद्योगिक दर्जाच्या कंपनीचा मिळतो. मिटुटोयोसारखा जपानी घ्यायचा तर पाच हजारांच्या पुढं तयारी ठेवा. दुकानागणिक भाव हलतात, त्यामुळं हे आकडे अंदाजासाठी धरा.

स्वस्त डिजिटलची एक गंमत अशी की तो बंद केला तरी आतून बंद होत नाही. फक्त स्क्रीन विझते. पट्टीवर सरकताना तो पावलं मोजत असतो, आणि मोजणं थांबलं तर शून्य कुठं होतं ते विसरेल, म्हणून सर्किट चालूच ठेवलेलं असतं. त्यामुळं पेटीत पडल्या पडल्या काही महिन्यांत सेल संपतो. महागड्या मॉडेलमध्ये पट्टीवरची जागा थेट ओळखणारी पद्धत असते, तिथं एक सेल काही वर्षं जातो. सेल बदलताना एलआर४४ ऐवजी एसआर४४ घ्या. थोडा महाग पडतो, पण शेवटपर्यंत व्होल्टेज टिकवून धरतो. स्क्रीन लुकलुकायला लागली किंवा आकडे नाचायला लागले, तर आधी सेल बघा.

आणि दोन-तीनशे रुपयांचे ते काळे प्लास्टिकचे, ज्यांना 'कार्बन फायबर' म्हणून विकतात? त्यांच्यावर एक दशांशच येतो, त्यामुळं ते निदान फारसा खोटा दावा तरी करत नाहीत. मणी, वायर, प्लायची जाडी यासाठी ठेवा एखादा.

मायक्रोमीटर जास्त बरोबर का असतो?

याचं उत्तर जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये देऊन ठेवलंय. मोजायची वस्तू आणि मोजणारी पट्टी एकाच सरळ रेषेत असली पाहिजे. कॅलिपरमध्ये पट्टी वर असते आणि जॉब खाली जबड्यात. जोर दिला की जबडा जरासा तिरका होतो आणि ती चूक मापात उतरते. म्हणून जुने लोक सांगतात की जॉब जबड्याच्या टोकात धरू नका, पट्टीच्या जवळ धरा. मायक्रोमीटरमध्ये स्क्रू आणि जॉब एका रेषेत असतात, त्यामुळं ही भानगडच नाही.

झां लॉरां पामर या फ्रेंच माणसानं १८४८ मध्ये याचं पेटंट घेतलं. रचना अजून जवळपास तीच आहे. स्क्रूचा एक फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर, बाहेरच्या नळीवर ५० खुणा, म्हणजे एका खुणेला ०.०१. इथं मात्र तो शतांश खरा असतो. चांगल्या ० ते २५ मायक्रोमीटरची चूक दोन ते चार मायक्रॉनच्या आत राहते.

याला मागं रॅचेट असतं. तेच फिरवायचं, कटकट असे दोन-तीन आवाज आले की थांबायचं. सुताराच्या शिकंजासारखा पिळलात तर माप कमी येईल आणि स्क्रूची वाट लागेल.

घरी एकच घ्यायचा तर ० ते २५ चा घ्या. घरच्या कामातले बहुतेक शाफ्ट, पत्रे, पिना त्यात बसतात. बेकर ही पुण्यातली कंपनी आहे, तिचे मायक्रोमीटर आणि डायल गेज आपल्याकडच्या कारखान्यांत सर्रास दिसतात. दीड ते तीन हजारांत भारतीय बनावटीचा भरवशाचा तुकडा मिळून जातो. दुचाकीची कामं करत असाल तर दीड-दोनशे रुपयांचं फिलर गेज आधी घ्या. व्हॉल्व्हची फट आणि प्लगचा गॅप मोजायला दुसरं काही लागत नाही. डायल गेज आणि चुंबकाचा स्टँड लेथ किंवा ड्रिल प्रेस असेल तरच, नाहीतर शोकेसमध्ये बसेल.

घरी तपासायचं कसं?

माझ्या मते अख्ख्या विषयातला हा सगळ्यात कामाचा भाग. हत्यार नवीन असो की जुनं, घरी आल्यावर दहा मिनिटं त्याच्यासोबत बसा.

आधी जबडे स्वच्छ करा. साधा कागद जबड्यांत हलका धरून बाहेर ओढा, धूळ आणि तेल निघून जातं. मग जबडे मिटून उजेडासमोर धरा. काही मायक्रॉनची फटसुद्धा उजेडाची रेघ होऊन दिसते. रेघ एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असेल तर जबडे समांतर नाहीत, पीस परत करा. मग शून्य करून जबडे दहा वेळा उघडा-मिटा. दर वेळी शून्य यायला हवं, ०.०१ इकडंतिकडं चालेल. एकदा ०.००, एकदा ०.०३ असं येत असेल तर त्याच्यावर काहीच मोजू नका. कायम एकाच बाजूला चुकणारं हत्यार वजाबाकी करून वापरता येतं, पण लहरी हत्याराचा काही उपयोग नाही.

आता शून्य बरोबर आलं म्हणजे ३५ मिलिमीटरला पण बरोबरच येईल असं नाही. त्यासाठी ज्याचं माप पक्कं माहीत आहे अशी वस्तू पाहिजे. कारखान्यात त्यासाठी स्लिप गेज असतात. त्यांची गोष्ट भारी आहे. स्वीडनच्या एस्किल्स्टुना गावातल्या बंदुकीच्या कारखान्यात काम करणाऱ्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांना १८९६ मध्ये ही कल्पना सुचली. १०२ ठोकळ्यांचा संच, ते एकमेकांना जोडून हजारो मापं तयार करता येतील असा. आणि ते ठोकळे घासून अचूक करायला त्यांनी घरातलं बायकोचं शिवणयंत्रच बदलून वापरलं. म्हणजे जगातल्या अचूक मोजमापाचा पाया एका अर्थानं घरच्या वर्कशॉपमध्येच घातला गेलाय.

आपल्याला स्लिप गेजचा संच परवडत नाही. पण शंभर-दोनशे रुपयांत एक पर्याय आहे, तो म्हणजे नवं कोरं बेअरिंग. साध्या दर्जाच्या ६२०२ बेअरिंगचा बाहेरचा व्यास ३५ मिलिमीटर असतो आणि त्यात चूक चालते फक्त कमीच्या बाजूला, जास्तीत जास्त ११ मायक्रॉन. स्केटिंगच्या चाकातलं ६०८ घ्या, बाहेरचा व्यास २२ आणि चूक ९ मायक्रॉनच्या आत. ६२०५ चा व्यास ५२, चूक १३ मायक्रॉनच्या आत. ही तीन बेअरिंगं घेतलीत की कॅलिपर तीन ठिकाणी तपासून होतो. सगळीकडं ०.०२ च्या आसपास जुळलं तर हत्यार चांगलं आहे. ६०८ तर मायक्रोमीटरलाही चालतं. बेअरिंग नामवंत कंपनीचं आणि खात्रीच्या दुकानातून घ्या, कारण नकली बेअरिंगांचा बाजारही मोठा आहे. आणि व्यासच मोजा, जाडी नको. जाडीला १२० मायक्रॉनपर्यंत सूट असते.

मामाला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आम्ही हेच करायचो, इन्स्पेक्शनवाल्यांनी स्लिप गेज दिले नाहीत की."

गुण्या तपासायला काहीच लागत नाही. सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर काटकोन खरा. फाकल्या तर जेवढी फट दिसते, त्याच्या निम्मी चूक आहे.

कॅलिपरनं भोक मोजताना एक लक्षात ठेवा. वरच्या छोट्या जबड्यांच्या धारा थोड्या सपाट असतात, त्यामुळं लहान भोकाचं माप खऱ्यापेक्षा कमी येतं. चार-पाच मिलिमीटरच्या भोकासाठी ड्रिल बिटची मागची गुळगुळीत दांडी घालून बघणं जास्त भरवशाचं.

गरम जॉब, दमट हवा आणि नकली माल

जगभरात लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. नागपुरात मे महिन्यात शेडमध्ये ४५ अंश असेल तर? स्टील एका मीटरला एका अंशामागं साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. पण हत्यार स्टीलचं आणि जॉबही स्टीलचा असेल तर दोन्ही सारखेच वाढतात, हिशेब मिटतो. अडचण होते अॅल्युमिनियममध्ये, ते स्टीलच्या दुप्पट वाढतं. त्या उन्हाळ्यात १०० मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा तुकडा स्टीलच्या हत्यारावर जवळपास ०.०३ जास्त दाखवेल. त्याहून नेहमीची चूक म्हणजे लेथवरून आत्ताच उतरवलेला गरम जॉब मोजणं. ५० मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा जॉब हत्यारापेक्षा ३० अंशांनी गरम असेल तर १७ मायक्रॉन फुगलेला असतो. थंड झाला की माप गेलं. शेवटचा कट घ्यायच्या आधी एक चहा घेऊन या. आणि फिरत्या जॉबवर कॅलिपर लावायचा नाही, तिथं मापाआधी बोटं जातात.

खरेदी कुठं करायची? मुंबईत नागदेवी स्ट्रीट, किंवा आपापल्या गावच्या एमआयडीसीला माल पुरवणारी टूल्सची दुकानं. तिथं वस्तू हातात घेऊन उजेडाची चाचणी करता येते, हा मोठा फायदा आहे. ऑनलाइन घेताना अधिकृत विक्रेता बघाच. मोठ्या जपानी ब्रँडचे हुबेहूब नकली कॅलिपर सर्रास विकले जातात, खोक्यासकट. आठ हजारांची वस्तू कुणी दीड हजारात देत असेल तर ती काय आहे ते तुम्हालाच कळायला पाहिजे.

सेकंडहँड माल मात्र वाईट नसतो. बंद पडलेल्या वर्कशॉपमधले जुने मायक्रोमीटर चांगल्या किमतीत मिळतात. स्क्रू पूर्ण लांबीभर सारखाच मऊ फिरतोय का ते बघा. मध्येच ढिला आणि पुढं घट्ट लागत असेल तर तो वर्षानुवर्षं एकाच मापावर वापरून झिजलाय. खिशात ६०८ बेअरिंग घेऊन जा, दुकानदारासमोरच मोजा. फारच खात्री हवी असेल तर एनएबीएलची मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये द्या. तिथल्या मापांची साखळी शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. पण सहाशेच्या कॅलिपरसाठी हा खर्च करू नका.

सांभाळणं सोपं आहे. कॅलिपरच्या टोकानं जॉबवर रेघा मारू नका. सगळेच मारतात, मला माहितीये, आणि म्हणूनच सगळ्यांच्या जबड्यांची टोकं बोथट असतात. मायक्रोमीटर ठेवताना पूर्ण मिटवू नका, मिलिमीटरभर फट ठेवा, नाहीतर थंडी-उन्हाळ्यात दोन्ही तोंडं एकमेकांवर दाबली जातात आणि ओलाव्यानं चिकटून गंजतात. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्याआधी मशीन ऑइलचा हलका हात आणि पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या. औषधांच्या बाटल्यांतून आणि बुटांच्या खोक्यांतून निघतात, त्या फेकू नका.

मामानं माझा तो व्हर्नियर फेकला नाही. त्याच्या पेटीवर ऑइल पेंटनं 'लाकूड' असं लिहिलंय आणि ती पेटी लेथपासून लांब, खिळ्यांच्या डब्याशेजारी ठेवलीये. या दिवाळीला बेकरचा मायक्रोमीटर घेऊन चाललोय. येताना ६०८ बेअरिंग पण आण, असं बजावलंय.